बॉनेट गार होईपर्यंत

गरम बॉनेट मी उघडत नाही. हा माझा जुना नियम आहे आणि तो मी पोटच्या मुलीसाठीसुद्धा मोडला नाही. लोक म्हणतात म्हातारा हट्टी आहे. आहे. मी हट्टी नसतो तर जुन्या हुबळीत निम्म्या दारांपुढं आज मेलेल्या गाड्या उभ्या असत्या.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. पुढचं सगळं लॉरीखाली पाठीवर पडून शिकलो. अळणावरहून लाकूड भरून येणाऱ्या लॉऱ्यांवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि गुडघे गेल्यावर जुन्या हुबळीतल्या एका बोळात गॅरेज. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे आणि खाली दोन जॅक. पण कुणाला वापरलेली गाडी घ्यायची झाली की तो आधी माझ्याकडं यायचा. मी त्याच्याबरोबर जायचो, लांब स्क्रूड्रायव्हर काढायचो, टोक चालू इंजिनावर टेकवायचो, लाकडी मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटून उभा राहायचो. मग सांगायचो, घे. नाहीतर सांगायचो, घेऊ नको. कारण सांगत बसायचो नाही. डॉक्टर तरी कुठं सांगतात. लोक मला किवी अण्णा म्हणायचे. किवी म्हणजे कन्नडमध्ये कान.

तो कान गेला.

नेमका कधी गेला ते सांगता येत नाही, कारण जाताना त्यानं काही आवाज केला नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या. मला वाटलं मुलगी डाळ कच्ची ठेवायला लागली. मग शेजारच्या घरातली भांडणं थांबली. मला बरं वाटलं, नवरा-बायको सुधारली म्हणून. मी त्या नवऱ्याला तसं बोललोसुद्धा, आणि तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला.

मी कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या नावातच कान आहे त्यानं काय सांगायचं? मी एक पद्धत बसवली. समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या ओठांकडं बघायचं. जवळून, मोठ्यानं बोलला तर उजव्या कानात थोडंफार पडायचं. पडलं नाही तर त्याचे ओठ थांबेपर्यंत थांबायचं आणि मान हलवून म्हणायचं, "होय की." माणसाला बहुतेक वेळा एवढंच पाहिजे असतं. या पद्धतीवर माझी तीन वर्षं निघाली.

मुलगी माझ्याबरोबरच राहते. तिचा मंडपाचं सामान भाड्यानं द्यायचा धंदा आहे. खुर्च्या, सतरंज्या, मोठी पातेली, झाकणं, पाण्याचे पिंप. सामान पोचवायला ती भाड्याचा टेंपो सांगायची, आणि टेंपोवाला त्याला वाटेल तेव्हा यायचा. एका बारशाला तिची पातेली पोचली तेव्हा पोराचं नाव ठेवून झालं होतं आणि पाहुणे रिकाम्या पोटी पाळणा हलवत बसले होते. त्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, "अप्पा, मी स्वतःची पिकअप घेणार."

अळणावरच्या जवळच्या एका गावातली पिकअप तिनं मोबाइलवर बघून ठेवली होती. डिझेल, पांढरी, एक हात वापरलेली. मालक शेतकरी, लाकडाच्या वखारीला आणि आंब्याला भाडी करायचा. फोटोत गाडी चांगली दिसत होती. फोटोत सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात, फोटोला धूर येत नाही.

"लॅमिंग्टन रोडच्या मागं एक मेकॅनिक आहे," मुलगी म्हणाली. "तो गाडीला वायर लावून मोबाइलमध्ये सगळं बघतो. त्याला घेऊन जायचं काय?"

मी ताटावरून उठलो. दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन घेतला. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली. "बरं बाबा. कुणी वायरवाला नको. तू घे म्हणालास तर घेते, नको म्हणालास तर नाही. झालं?"

झालं कसलं. तिथंच मी अडकलो. तिनं इतक्या वर्षांत बाजूला ठेवलेलं सगळं त्या गाडीत जाणार होतं, तेही माझ्या एका शब्दावर. इंजिन आतून झिजलेलं निघालं, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या निघाल्या, तर ती गाडी दारात उभी राहणार आणि मुलगी परत टेंपोवाल्याच्या पाया पडणार. आणि माझा शब्द ज्या कानातून यायचा त्या कानात आता नुसती गादीतल्या कापसासारखी शांतता होती. मला नाही म्हणता आलं असतं. वायरवाल्याला ने, असं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "उद्या निघू."

बसमध्ये मी विचार केला. इंजिन गरम असलं की ते फक्त कानाला सापडतं. गरम इंजिन पटकन चालू होतं, धूर कमी टाकतं, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतं. पण रात्रभर उभं राहून गार पडलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना डोळ्यालाही सापडतं. किती वेळ धडपडतं, कुठल्या रंगाचा धूर टाकतं, तो धूर किती वेळ राहतो. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा हटतच नसेल तर आत दाब राहिलेला नाही. म्हणजे मला कान नको होता. मला फक्त गार इंजिन पाहिजे होतं. हे सुचल्यावर मी इतका खूश झालो की कंडक्टरनं काहीतरी विचारलं त्यालाही म्हणालो, "होय की," आणि त्यानं मला गोव्याच्या हद्दीपर्यंतचं तिकीट दिलं.

गावात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. मालक पन्नाशीचा, गोल तोंडाचा, हात जोडून उभा. पिकअप अंगणात. मी बॉनेटवर तळवा ठेवला. तव्यासारखं.

"आत्ताच वखारीला जाऊन आलो, अज्जा," तो म्हणाला.

मी बॉनेट उघडलं नाही. गाडीभोवती फिरलो, टायर बघितले, क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. मीटरवरचा आकडा मी बघत नाही, रबर खोटं बोलत नाही. मग म्हणालो, "परत येतो."

मुलगी बसमध्ये म्हणाली, "आलोच होतो तर ऐकायचं की एकदा."

"गरम बॉनेट मी उघडत नाही."

दुसऱ्या खेपेला न कळवता गेलो, पहाटेची गाडी पकडून. सातला पोचलो. मालक दात घासत होता. मला बघून ब्रश तोंडात तसाच राहिला. मी सरळ बॉनेटवर हात ठेवला. गरम.

"डेअरीला दूध घालून आलो," तो फेस थुंकून म्हणाला.

त्याच्या गोठ्यात एकच म्हैस होती आणि ती गाभण होती.

आता माझी खात्री पटली. हा माणूस काहीतरी लपवतोय. इंजिन गार असताना दाखवायची त्याला भीती आहे. मुलीला म्हटलं, "यात काहीतरी आहे."

"मग सोडून देऊ. दुसरी बघू."

"सोडून देऊ? आता तर बघणारच."

तिसऱ्या खेपेला मी तयारीनं गेलो. मुलीच्या भाड्याच्या खुर्च्यांतली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची बरोबर घेतली. बस भरलेली होती, तेव्हा मधल्या वाटेत खुर्ची ठेवून तिच्यावर बसलो. कंडक्टर म्हणाला, "अज्जा, हे चालत नाही." मी म्हणालो, "होय की." धारवाडपर्यंत तो रागानं बघत आला. धारवाडला चढलेल्या एका बाईनं मला विचारलं की अशी जादा सीट कुठं मिळते.

गावात पोचलो तर बॉनेट परत गरम. मी मालकाला सांगितलं, "चावी दे."

त्यानं दिली. मी ती बनियनच्या खिशात ठेवली. "आता इंजिन गार होईपर्यंत मी इथं बसणार."

"अज्जा, उन्हाळा आहे. गार व्हायला संध्याकाळ होईल."

"मला काम नाही."

"मग गाडी फणसाखाली लावतो, सावलीत. चावी द्या जरा."

"ढकल."

त्यानं मुलीकडं बघितलं. मुलीनं आभाळाकडं. मग मालक, मुलगी आणि रस्त्यानं चाललेले दोघे असे चौघांनी मिळून पिकअप फणसाखाली ढकलली. मी खुर्ची घेऊन मागून गेलो. बॉनेट लवकर निवावं म्हणून मी पोती मागवली, पाण्यात भिजवली आणि बॉनेटवर घातली. पोती खाली घसरायला लागली तेव्हा मालकाच्या आईनं आतून एक पांढरं धोतर आणून वरून नीट झाकलं आणि चारी बाजूंनी खोचलं. मालकाची आई म्हणजे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी सत्तरीच्या पुढचा माणूस, पण तिनं मला आल्याआल्या हाक मारली ती तम्मा म्हणून, धाकट्या भावासारखी. तिनं एक पाट आणला आणि माझ्या शेजारी बसली.

मुलगी म्हणाली, "अप्पा, चावी तुझ्या खिशात आहे. गाडी कशी चालू करेल तो? चल, बाजारात जाऊन येऊ."

"दुसरी चावी असते."

"बरं, बस." त्या दिवशी अळणावरला बाजार होता. तिला बांबू आणि सुतळी बघायची होती. ती गेली. मालक तर पोती देऊनच शेतावर गेला होता, धोतर त्यानं बघितलं नव्हतं. मी एक हात धोतराखाली घालून बॉनेटवर ठेवला आणि बसलो. अर्ध्या अर्ध्या तासानं हात थोडा सरकवायचो. बॉनेट सावकाश निवत होतं. फार शांत वाटत होतं. आता कळतं की मलाच तेवढं शांत वाटत होतं.

पुढचं मी जे सांगतो त्यातलं निम्मं मला दिसलं आणि निम्मं नंतर कळलं.

अकराच्या सुमाराला एक माणूस रस्त्यावरून वळून आत आला. माझ्यासमोर थांबला, पांढऱ्या धोतराकडं बघितलं, टोपी काढली आणि काहीतरी विचारलं. मी त्याचे ओठ थांबेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "होय की." तो खाली बसला. मला वाटलं मालकाचा पाहुणा. मग दोन बायका आल्या, पदर तोंडाला लावून, त्या म्हातारीजवळ बसल्या. मग आणखी चौघे. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याचा हात थोपटला. मला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे.

बाराला जेवण आलं. एका घरातून भाकरी, दुसऱ्यातून पिठलं, तिसऱ्यातून ताक. म्हातारीच्या स्वयंपाकघरातून काही आलं नाही, सगळं बाहेरून. तेव्हा तरी मला कळायला पाहिजे होतं. ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे आणून घालतात, हे आमच्याकडंही आहेच. पण मी भुकेला होतो. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. समोरच्या बाईनं डोळे पुसले. मी म्हणालो, पिठलं झकास झालंय. ती आणखीच रडली.

दुपारी मला डुलकी लागली. हात बॉनेटवरच होता.

तीनच्या पुढं मालक शेतावरून आला. त्याला लांबून काय दिसलं ते त्यानंच नंतर मला सांगितलं. अंगणात वीस-पंचवीस माणसं गप्प बसलेली, फणसाखाली पांढऱ्या धोतरानं झाकलेलं काहीतरी, वर झेंडूचा हार, आणि एक म्हातारा मान खाली घालून त्यावर हात ठेवून बसलेला. त्याच्या हातातलं खुरपं पडलं. "अव्वा," म्हणून तो ओरडत पळत आला. आणि गर्दीतून त्याची आई म्हणाली, "काय रे?"

तो मटकन बसला. मग म्हणाला, "कोण गेलं?"

"मला काय माहीत," आई म्हणाली.

"मग बसलीस कशाला?"

"एवढी माणसं आलीत. कोण गेलं म्हणून आपल्याच दारात बसून विचारायचं? बरं दिसतं काय ते?"

पहिल्यांदा टोपी काढून बसलेल्या माणसाला त्यानं विचारलं. तो म्हणाला, "मी या अज्जाला विचारलं, घरातलंच कुणी काय? ते होय म्हणाले. मला वाटलं, न्यायला म्हणून गाडीवर ठेवलंय." तोपर्यंत मला कुणीतरी हलवून जागं केलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं बॉनेटचं विचारतायत. मी हात लावून बघितला आणि मोठ्यानं सांगितलं, "झालं. गार पडलंय."

दोन बायकांनी हंबरडा फोडला.

मालकानं पुढं होऊन हार काढला, धोतर काढलं, पोती काढली. खाली पिकअपचं तोंड. एका म्हाताऱ्यानं वाकून खाली, चाकांच्या मध्येसुद्धा बघितलं, की निदान तिथं कुणी आहे काय. कुणीच उठून गेलं नाही. एवढा वेळ बसल्यावर माणसाला काहीतरी बघूनच जावंसं वाटतं.

त्याच वेळी मुलगी बाजारातून आली. तिला गर्दीचं नवल वाटलंच, पण ती सरळ माझ्याकडं आली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अप्पा, आधी तो टेप बंद कर. रडल्यासारखा वाजतोय."

मी म्हणालो, "कसला टेप?"

तिनं केबिनकडं बोट केलं. पिकअपच्या केबिनमधला टेप, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर, सकाळपासून भजनं म्हणत होता. म्हातारीनं लावला होता, पाहुण्याला कंटाळा येऊ नये म्हणून. त्याची वायर मालकानं सरळ बॅटरीला जोडलेली होती, त्याला चावी लागत नव्हती. अख्ख्या अंगणानं दिवसभर भजनं ऐकली होती. म्हणून तर लोक इतके मन लावून बसले होते.

"त्याला आवडत होतं की," म्हातारी म्हणाली. "तम्मा सारखी मान हलवत होता."

मी डुलक्या घेत होतो. पण ते मी बोललो नाही. मी मुलीच्या तोंडाकडं बघत होतो आणि तिच्या तोंडावर काय चाललंय ते मला शब्दांवाचून कळत होतं. कुकरच्या शिट्ट्या, दाराची कडी, तीन वर्षांचं होय की, सगळं ती एकेक करून जुळवत होती. ती माझ्या उजव्या कानाशी आली.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"अप्पा."

मी खिशातून चावी काढून तिच्या हातात दिली. "आधी गाडी बघू," मी म्हणालो.

मी बॉनेट उघडलं. सगळं अंगण गोळा झालं. इथं मला कान नको होता. डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत घेऊन चोळलं. काळं होतं, डिझेलचं ऑइल काळंच असतं, पण बोटाला कचकच लागली नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं, दुधासारखा थर नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं. इंजिन गार, म्हणून रेडिएटरही उघडता आला. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. मुलीला क्लच दाबायला लावला आणि पुढच्या पुलीकडं बघत राहिलो. ती पुढंमागं सरकली असती तर मी तिथंच नको म्हटलं असतं. सरकली नाही. माझ्या अंगात जरा जीव आला.

"लाव चावी," मी म्हणालो.

तिनं चावी फिरवली. काही झालं नाही. परत फिरवली. माझ्याकडं बघून तिनं हातानं सांगितलं, नुसतं टक् होतंय.

मी मालकाकडं वळलो. आता सापडला, असं मला वाटलं. पण त्याचं गोल तोंड पार उतरलं होतं. तो माझ्या कानाशी येऊन बोलला, आणि मुलीनं ऐकू नये म्हणून हळू बोलायला गेला, आणि मला ऐकू यावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. त्यामुळं ते सगळ्या गावानं ऐकलं.

"अज्जा, बॅटरी मेलेली आहे. वर्ष झालं. गिऱ्हाईक यायच्या आधी, आणि तुम्ही परत येतो म्हणाल्यापासून रोज पहाटे, मी उतारावरून ढकलून चालू करतो आणि दहा मैल फिरवून आणतो, म्हणजे मग चावीवर एकदा-दोनदा चालू होते. लाज वाटत होती हो सांगायला. इंजिनात काही नाही. आईची शपथ."

"माझी कशाला?" आई म्हणाली. "टेपाची घे."

मला त्या माणसाचा राग यायला पाहिजे होता. माझ्या दोन खेपा त्यानं फुकट घालवल्या होत्या, एका बॅटरीच्या लाजेपायी. पण रागावून काय बोलणार? मुलगी माझ्याकडं बघत होती.

"ढकला," मी म्हणालो.

मयताला आलेल्या लोकांनी पिकअपला खांदा दिला. वीस-पंचवीस माणसं, त्यातल्या काहींच्या टोप्या अजून हातात. मुलगी आत बसली, दुसरा गिअर टाकला. अंगणाच्या बाहेर थोडा उतार आहे. गाडी हलली, धावली, मुलीनं क्लच सोडला आणि गाडीला एक झटका बसला. मागं सगळा पांढरा धूर झाला, त्यात अर्धं गाव दिसेनासं झालं. मी काठी टेकत जमेल तसा पळालो आणि धूर बघत उभा राहिलो. निळा नव्हता. मी पन्नासपर्यंत मोजलं. धूर विरळ झाला, मग नुसती हवा थरथरायला लागली. एवढा वेळ गार पडलेल्या इंजिनाला एवढं माफ असतं. सायलेन्सरपुढं रुमाल धरला, तो काळवंडला, पण तेलकट झाला नाही.

मग माझी शेवटची परीक्षा. ऑइलचं झाकण उघडून भोकावर उलटं, नुसतं ठेवायचं. रिंगा झिजल्या असतील तर खालून दाब वर येतो आणि झाकण नाचून उडून पडतं. मी ठेवलं. झाकण जरा थरथरलं आणि बसून राहिलं. गावातली माणसं एकावर एक वाकून झाकणाकडं बघत होती. बघण्यासारखं काही नव्हतं, पण दिवसभर त्यांना काहीच मिळालं नव्हतं.

"अप्पा," मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "घेऊ?"

डोळ्यांनी आणि बोटांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. पण आतलं राहिलं होतं. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या मोठ्या दांड्याची, बेअरिंगं ना धुरात दिसतात ना झाकणावर. ती फक्त ऐकू येतात. मला घे म्हणता आलं असतं. लोकांनी ऐकलं असतं, किवी अण्णा घे म्हणाला. ती आपल्या आयुष्याची शिल्लक काढून देणार होती आणि मी माझं नाव वाचवणार होतो. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. इतक्या वर्षांत तो मी कुणाच्या हातात दिला नव्हता. मूठ तिच्याकडं केली.

"टोक इथं लाव. मूठ कानाला. डोळे मीट."

"मला यातलं काय कळतंय?"

"तुला कळायची गरज नाही. कसं वाजतंय तेवढं सांग. कळायचं ते मी बघतो."

तिनं डोळे मिटले. मी तिच्या ओठांकडं बघत राहिलो.

"झाकण वाजल्यासारखं वाजतंय," ती मोठ्यानं म्हणाली. "पातेल्यावर झाकण नीट बसलेलं नसलं आणि खालून उकळी आली की कसं टिकटिकतं, तसं."

"वर की खाली?"

तिनं टोक खाली, ऑइलच्या टाकीजवळ नेलं. बराच वेळ थांबली. "खाली नाही. वरच."

"खाली मोठं पातेलं जमिनीवर आदळल्यासारखं येतंय काय? ढब्, ढब्? नीट ऐक. घाई करू नको."

तिनं परत ऐकलं. "नाही. खाली सगळं एकसारखं. वर्दळ असल्यासारखं, पण आदळत नाही काही."

"ॲक्सिलेटर दाबल्यावर?"

मालकानं आत बसून दाबला. "टिकटिक भराभर होते," ती म्हणाली. "आदळत नाही."

झाकण म्हणजे टॅपेट, वरच्या झडपा दाबणारे खटके, जरा सैल झालेले. अर्ध्या दिवसाचं काम, पाना आणि पत्ती लावून बसवायचं. खाली आदळत नाही म्हणजे बेअरिंगं शाबूत. एवढं स्पष्ट मला स्वतःच्या कानानंही कधी ऐकू आलं नव्हतं. मी कारण सांगत बसलो नाही.

"घे," मी म्हणालो. "बॅटरी नवी घालून दे म्हणावं. आणि टेपाची ती वायर काढून टाक म्हणावं."

"टेप राहू दे," म्हातारी म्हणाली. "टेपासकट घ्या. तम्मा ऐकेल."

पिकअप आली. मी स्वतः टॅपेट बसवले, मुलीनं स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सांगितलं कधी थांबायचं. दोन पावसाळे झाले, इंजिन ठीक आहे. लाल खुर्ची मात्र आम्ही त्या अंगणातच विसरलो. मालक फोनवर सांगतो की आई आता रोज त्या खुर्चीतच बसते, आणि रस्त्यानं जाणारा एखादा अजून थांबून बघतो, फणसाखाली काही झाकलंय काय.

मुलगी मला धारवाडला कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणते. मी होय की म्हणतो. ते होय की नेमकं कुठलं, हे तिला आता ओळखता येतं.

लोक अजून येतात, अण्णा, जरा गाडी बघायला चला म्हणून. मी जातो. बॉनेटवर आधी हात ठेवतो, गरम असेल तर परत फिरतो. गार असेल तर ऑइल, झाकण, धूर मी बघतो आणि स्क्रूड्रायव्हर मुलीच्या हातात देतो. कुणी विचारलंच की आज हिच्याकडं कसा दिला, तर सांगतो, ती शिकतेय. मुलगी तेव्हा डोळे मिटून उभी असते, आणि काही बोलत नाही.